मुएतच्या डोलकाठीखाली

फ्रान्समधल्या ब्रेस्त बंदरात सोआझिगमावशीला सगळे ओळखायचे ते तिच्या एका वेडामुळे. ‘मुएत’ ही लढाऊ फ्रिगेट बंदरात शिरली, की ही बाई हातातलं दोरखंडाचं काम टाकून धक्क्यावर धावायची आणि मधली डोलकाठी जागेवर आहे का ते बघायची.

त्याचं कारण तिचा नवरा जाऊआ, जहाजसुतार. डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखालच्या खाचेत नाणं ठेवायचं, ही आम्हा जहाजसुतारांची रीत. मुएतची मधली काठी बसवताना तळाशी जाऊआ एकटाच होता. नाणं निसटून फटीत गेलं आणि वरून काठी तर खाली येतच होती. त्यानं बोटातली लग्नाची अंगठी काढून खाचेत ठेवली. निदान घरी येऊन त्यानं तसं सांगितलं.

“आणि तू मानलंस?” शेजारीण बार्बा जन्मभर म्हणत राहिली. “गुत्त्यातल्या त्या तांबड्या केसांच्या बयेची बोटं बघून ये एकदा.”

मावशी हसायची. जाऊआ तापानं गेला, तरी हसायची. पण विश्वास होता, तर पुन्हा पुन्हा बघायला कशाला जायची? मला याचं भारी कुतूहल होतं.

पुढं मुएत इंग्रजांनी पकडली आणि लढाईत मोडलेली मधली काठी त्यांनीच बदलली. आमच्यांनी जहाज परत जिंकून आणलं, तेव्हा नवी काठी बघून मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

“अंगठी इंग्रज सुतारानं काढली असणार गं.”

“होती कुठं काढायला?” बार्बा म्हणाली.

शेवटी म्हातारी मुएत मोडायला आमच्याच सुतारांच्या टोळीकडे आली. काठी उपटली त्या दिवशी दोघी काठावर येऊन उभ्या राहिल्या. मी खाचेतला चिखल उपसला. आधी इंग्रज राजाचं तोंड कोरलेलं नाणं निघालं. त्याला चिकटून तांब्याचा खिळा ठोकून बनवलेली एक अंगठी, वजनानं चपटी झालेली. शत्रूच्या सुतारानं ती तशीच राहू दिली होती आणि शेजारी आपलं नाणं ठेवलं होतं.

“हीच का?” बार्बानं विचारलं.

“हीच. त्यानंच ठोकून बनवली होती.”

बार्बा खाली ओंडक्यावर बसली. अंगठी बोटात जाईना, म्हणून मावशीनं ती मुठीत धरली.

“आणि हे नाणं?” मी विचारलं.

“पलीकडे नवं जहाज बांधताहेत ना, त्याच्या काठीखाली ठेव. आणि हातातून पाडू नकोस, मेल्या.”