खांबावरचे दोरे

सोमवारी सकाळी मिलचा भोंगा झाला. वदिना चहा घेऊन आत गेल्या आणि कप तसाच घेऊन बाहेर आल्या. अण्णा गेले होते.

त्याला आता काही आठवडे झाले. अण्णा माझे थोरले भाऊ. घरात आम्ही तेलुगू बोलतो, म्हणून थोरल्या भावाची बायको ती आमची वदिना. समाजाच्या शोकसभेत अण्णांविषयी पुष्कळ लोक बोलले. पेठेतल्या किती पोरांना त्यांनी मागावर बसायला शिकवलं, त्यांच्या लुगड्याचा काठ उलट्या बाजूनंही कसा स्वच्छ असे, हे सांगितलं गेलं आणि ते खरं आहे. मलाही आग्रह झाला. मी शाळेत शिकवतो, बोलणं हा माझा धंदाच. पण मी उठलो नाही. एका वक्त्यानं ‘त्यांच्या पत्नीची शांत साथ’ असं म्हटलं. साथ शांत होती खरी... त्या अण्णांशी बोलत नव्हत्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी मिलमधल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या मॅडमना मी मराठी शिकवत असे. त्यांचे यजमान पूर्वी पेरू देशात रेल्वेवर होते. सोलापूर सोडताना त्यांनी मला पुस्तकं दिली, आणि ती बांधली होती तिकडच्या डोंगरातल्या बायकांनी विणलेल्या लोकरीच्या पट्ट्यानं. मी पुस्तकं उचलली, पट्टा खुंटीला अडकवला. वदिनांनी तो काढून घेतला. त्यावर लांब मानेचं जनावर ओळीनं विणलेलं होतं. एका बाजूनं काळ्यावर पांढरं, उलटा केला की तेच पांढऱ्यावर काळं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या सोडून वदिना तो उलटसुलट करत बसल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “ह्याची कापलेली कडा कुटं हाय? मला सापडंना.” उत्तर त्या पुस्तकांपैकी एकात होतं. तिकडे कापड मागावरून कापून काढत नाहीत. हवा तेवढाच ताणा, म्हणजे उभे धागे, लावतात आणि चारही कडा बंद होईपर्यंत विणतात. शेवटचं चार बोटं कापड विणणं फार अवघड. तिथं धोटा जात नाही, सुईनं एकेक धागा भरावा लागतो. शेजारी चित्र होतं. जमिनीवर बसलेली बाई, मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेला. “बाई विणतीय,” वदिना म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी मला पान उलटू दिलं नाही.

आमच्या घरात ताणा करणं, खळ लावणं, कांड्या भरणं ही बायकांची कामं. मागाच्या खड्ड्यात, विणायला बसायच्या जागी, बाईनं पाय सोडायचा नाही, हा अण्णांचा कायदा. वदिनांनी मंद्रूपच्या बाजाराहून येणाऱ्या धनगरणीकडून काळी-पांढरी लोकर घेतली, काठ्या तासून घेतल्या आणि मागाच्या खोलीतल्या खांबाला दोर बांधला. अण्णांनी पहिल्याच दिवशी हटकलं, “बाईचा पाय मागाला लागायचा नाही, हे विसरलीस?”

“पाय कुटं लावलाय? कंबर लावलीय.”

अण्णा खड्ड्यात उतरून धोटा फेकू लागले. पण असलं उत्तर ते विसरत नसत.

धनगरीण लोकरीचं सूत द्यायला आली की बघत उभी राहायची. “असलं मेंढरू कुटं असतंय व्हय? मान बघा की, लई लांब.”

“तिकडं असतंय.”

“मग चरतंय काय, झाडाचा शेंडा?”

वदिना हसायच्या. त्या घरात मी त्यांना हसताना पाहिलं ते त्याच दिवसांत. त्यांना एकच हवं होतं; चारही कडा बंद असलेलं, कुणी सुरी न लावलेलं, आपल्या हातचं एक कापड. पट्टा होत आला, चार बोटं उरली. त्या दुपारी त्या पाण्याला गेल्या असताना लुगड्यांचा एक व्यापारी नवा काठ बघायला आला. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. अण्णा आत गेले, मागावरून कापड काढावं तसा सुरीनं पट्टा कापला आणि आणून व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवला. “हा आमच्या घरचा काठ,” ते म्हणाले. वदिना आल्या. त्यांनी घागर खाली ठेवली.

“चार बोटं राहिली होती.”

“मग? कापड कापूनच निघतं. दुसरं लाव की.”

अण्णांनी न कळून केलं, असं लोक मला समजावतात. पुस्तकातलं ते पान मी अण्णांनाही वाचून दाखवलं होतं.

व्यापाऱ्याला जनावर आवडलं. ते काठात कसं उठवायचं, हे अण्णांनी वदिनांना विचारलं. “तुमी कारागीर. मी कांड्या भरणारी,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या अण्णांशी एकदाच बोलल्या. खांबाला उरलेली काठी आणि तिला लोंबणारे कापलेले दोरे त्यांनी काढले नव्हते, आणि मागाकडे जायची वाट त्या खांबाजवळूनच होती. अण्णांनी एकदा ते ओढायला हात घातला. वदिना म्हणाल्या, “काढा. उद्यापासून कांड्या तुमीच भरा.” अण्णांनी हात मागे घेतला. पुढं कैक वर्षं ते रोज अंग चोरून मागावर गेले.

शेवटच्या आजारात खोकल्याची उबळ थांबल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. माफीचा शब्द येईल असं वाटून मी वाकलो. “तिला म्हणावं... एवढं काय होतं त्यात?” तो निरोप मी दिला नाही.

दिवसकार्य झाल्यावर अण्णांची पेटी उघडली. तळाशी वदिनांचा कापलेला पट्टा होता आणि त्याला गुंडाळलेल्या काही सुती पट्ट्या, अण्णांच्या मागावरच्या. प्रत्येकीवर तेच जनावर. कुठं मान मोडलेली, कुठं पाय पोटात गेलेले, मागल्या बाजूला नुसता गुंता. शोकसभेतल्या वक्त्यांना यात पश्चात्ताप दिसला असता. मला व्यापाऱ्यासाठी उठवू पाहिलेला काठ दिसला. वदिनांनी एकेक पट्टी उजेडात धरली.

“मान जमली न्हाय,” त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या कंदिलाच्या काचा पुसायला ठेवून दिल्या.

मी विचारलं, “तुमचा पट्टा आता पुरा करता येईल का? दोरे आहेत अजून.”

“सांधता येतंय की. पण गाठी राहत्यात. मला बिनगाठीचा पायजे होता.”

“मग नवा लावा.”

“डोळे कुटं हायत आता?”

मॅडमचा पट्टा माझ्या पुस्तकांना बांधलेला आहे. वदिनांचा त्यांच्या पेटीत आहे. मागावर कुणी बसत नाही. खांबाला काठी आहे आणि काठीला दोरे आहेत.