बुडालेल्या बोटींचे भाऊजी

आमच्या भाऊजींना अख्खी गल्ली 'जलसमाधी' म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि माझा संशय आहे की आतून आवडतंही. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड चौकट चढवायची, तिच्यात भिंगं अडकवायची, आणि "खालची ओळ वाचा" म्हणायच्या ऐवजी गल्ल्यामागून वही काढायची. "ही बोट पाहा, तीन चिमण्यांची. तिसरी चिमणी नुसती शोभेची बरं का. धूर दोघींतूनच." गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून बसलेलं. पळणार कुठे?

भाऊजी टपाल तिकिटांवरची जहाजं जमवतात. नुसती जमवून चिकटवली असती तर घरादाराचं एवढं वाटोळं झालं नसतं. पण ते प्रत्येक जहाजाचा इतिहास लिहितात. कुठे बांधलं, कुणी विकत घेतलं, किती वेळा नाव बदललं, आणि मुख्य म्हणजे संपलं कसं. आग, खडक, वादळ, पाणतीर, अगदीच नशीब खोटं असेल तर भंगारवाला. शेवट लिहिताना त्यांच्या अक्षराला वेगळाच डौल येतो. एखादं जहाज अजून सुखरूप चालू आहे असं कळलं की मात्र ते हिरमुसतात.

घरात राज्य या जहाजांचंच. माझ्या ताईच्या पसरट भांड्यात पाकिटांचे कातरलेले कोपरे भिजत असतात आणि सुटलेली तिकिटं जेवणाच्या टेबलावर वाळत असतात. पंखा लावायची सोय नाही, कारण आरमार उडतं. भर उन्हाळ्यात आम्ही मांडीवर ताटं घेऊन घाम पुसत जेवतो आणि टेबलावर ही शिडाची जहाजं ऐसपैस पहुडलेली.

एकदा तर त्यांनी एका परदेशी टपालखात्याला खरमरीत पत्र लिहिलं. तुमच्या तिकिटावर शिडं एका दिशेला फुगली आहेत आणि डोलकाठीवरचा झेंडा उलट्या दिशेला फडकतोय, हा वारा तुमच्या देशात कसा काय वाहतो? तीन ओळींचं आभाराचं उत्तर आलं. पाकिटावर बदकाचं तिकीट होतं. भाऊजी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

आणि असा हा माणूस जन्मात कधी बोटीत बसलेला नाही! लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ताईला शब्द दिला होता, आपण एकदा बोटीनं जाऊ. पलीकडच्या बंदराला दिवसाआड एक जुनी प्रवासी बोट जायची. सकाळी निघायची, संध्याकाळी पोचायची, दुसऱ्या दिवशी परत. जगप्रवास थोडाच होता! पण ताईनं विषय काढला की यांच्याकडे कारण तयार. या वर्षी वारं वाईट आहे. तिच्या यंत्राला मागे आग लागली होती. तिच्या बहिणीचं काय झालं माहीत आहे ना? बहीण म्हणजे त्याच नकाशावर बांधलेली दुसरी बोट, ती धुक्यात खडकावर गेली होती. विद्वत्तेच्या पांघरुणाखाली नुसती भीती, दुसरं काही नाही. ताईचे केस पांढरे झाले, पण यांचं वारं काही सुधारलं नाही.

मग बातमी आली की ती बोट आता बंद होणार. टपालखातं तिच्यावर तिकीट काढणार आणि शेवटच्या फेरीचा खास शिक्का बोटीवरच मारून मिळणार. भाऊजींची झोप उडाली. शिक्का तर हवाच, आणि शिक्का म्हणजे बोट. शेवटी त्यांनी दोघांचं आरक्षण केलं. एकट्यानं जायची छाती नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही. ताईनं ते विचारलंही नाही. तिनं नवी साडी काढली, बॅग भरली, सोडली, पुन्हा भरली. इतकी वर्षं मी तिला असं गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी त्यांना सोडायला धक्क्यावर गेलो. भाऊजींचा चेहरा चुना फासल्यासारखा. आणि पाहतो तो काय, शिडीच्या अलीकडेच टपालखात्याचा कारकून टेबल टाकून बसलेला. बोटीवर गर्दी फार, म्हणून शिक्के खालीच मारत होता. भाऊजींनी पाकिटं पुढे केली. धप्, धप्, धप्. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. पाकिटांवर फुंकर घालत ते वळले.

"झालं काम! चला घरी. मेहुणे, तुम्ही जरा चौकशी करा, पैसे परत मिळतील का."

ताई बॅग हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग वळली आणि शिडी चढायला लागली.

"अगं, वेडी आहेस का! तिच्या यंत्राला आग लागली होती!"

"माहितेय," ताई वरून म्हणाली. "रोज जेवताना ऐकलंय."

मी भाऊजींच्या हातातून त्यांचा बोटीचा पास जवळजवळ हिसकावला आणि तिच्यामागे धावलो. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांना पाकिटांसकट धक्क्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

बोट सुटली. ताई कठड्याला धरून उभी राहिली ती किनारा दिसेनासा होईपर्यंत. तोंडावर पाणी उडालं तशी मोठ्यानं हसली, शेजारच्या अनोळखी बाईला हात धरून लाटा दाखवल्या, मला म्हणाली, "अरे, किती मोठं आहे रे हे!"

"हे असते तर सांगत बसले असते, ही बोट कुठे बुडेल ते," ती म्हणाली. डोळे पुसले. "तरी असायला हवे होते रे."

मी तिचा हात धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाऊजी धक्क्यावर हजर. आम्ही कोरडे आहोत याची खात्री करून घेतली आणि घरापर्यंत शिक्का किती ठसठशीत उठलाय ते सांगत राहिले.

पुढे तिकीटवाल्यांच्या त्रैमासिकात त्या बोटीवर त्यांचा लेख आला. चार पानं. बांधणी, मालक, रंग, चिमणीवरचा पट्टा, सगळं बिनचूक. शेवटचं वाक्य होतं, 'अखेरच्या फेरीत उल्लेखनीय असे काही घडले नाही.'

ताईनं लेख वाचला. भाऊजी शाबासकीसाठी समोर उभे. तिनं अंक मिटून त्यांच्या हातात दिला.

"अहो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाऊजी अंक उघडून शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लागले. त्या फेरीला गेलेली दोनच माणसं त्यांच्या ओळखीची होती, आणि त्यांनी दोघांनाही काही विचारलं नव्हतं.