मामा भाचीला जड

विज्ञानाचा दिवा लागला की अज्ञानाचा अंधार आपोआप पळून जातो. हे वाक्य नाशिकमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रमुख पाहुण्यांनी समई पेटवताना उच्चारलं. एसीच्या झोतानं समई विझत होती. चौथ्या काडीला वेटरनं एसी बंद केला, मग ती लागली. चर्चासत्राचा विषय होता लहान मुलांविषयी वाटणारं लैंगिक आकर्षण, त्याची कारणं आणि उपचार. पाहुण्यांनी संस्कारांच्या ऱ्हासावर अर्धा तास घेतला आणि मुलांची लग्नं वेळेवर लावा, असा उपचार सांगितला. टाळ्या झाल्या. मला बारा मिनिटं मिळाली, कारण जेवण तयार होतं.

मी मानसोपचाराचं काम करतो. त्या दिवशी सत्काराची शाल मांडीवर घेऊन बसलो होतो, पण डोक्यात येवल्याचा एक माणूस होता.

तो पैठणी विणायचा. वय बत्तीस. फेब्रुवारीत एसटीनं आला तेव्हा झोप लागत नाही म्हणाला. माझ्या खोलीला खिडकी नाही. पंखा लावला तर बोलणं ऐकू येत नाही आणि बंद केला तर जीव घुसमटतो. त्यानं पंखा चालू ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला स्वतःच उठून तो बंद केला आणि बोलला. कॉलेजात असल्यापासून त्याला लहान मुलींबद्दल नको ते वाटत आलं होतं. कुणाला हात लावला नव्हता, मोबाईलवरही तसलं काही शोधलं नव्हतं. लग्नाला नाही म्हणता म्हणता आईशी भांडण झालं होतं. पहिल्याच भेटीत मी त्याला, सगळ्यांना सांगतो तसं, सांगून ठेवलं होतं की कुणा मुलाला इजा झाली किंवा होईल असं दिसलं, तर मी गप्प बसू शकत नाही; कायदाही बसू देत नाही. ते लक्षात ठेवूनच तो बोलला होता.

हे कशामुळे झालं, असं त्यानं विचारलं. लहानपणी ताप मेंदूत गेला होता, त्यामुळे का? की मागच्या जन्माचं काही? मी म्हणालो, नक्की कुणालाच माहीत नाही. मेंदूच्या घडणीत काही असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. काहींवर लहानपणी अत्याचार झालेले असतात; पण ज्यांच्यावर अत्याचार होतात त्यांतले बहुतेक असे होत नाहीत. एकच कारण ठणकावून सांगणारा भेटला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. वाटणं त्यानं निवडलं नव्हतं. वागणं मात्र पूर्णपणे त्याचं होतं, आणि उपचार तिथेच चालतात. शेजारच्या खोलीतल्या मनोविकारतज्ज्ञांनी ओढ मंदावणारं औषध सुरू केलं, रक्त तपासत राहायला सांगितलं. जोखमीची वेळ आधी ओळखायची आणि तिथून उठून जायचं, हे शिकवणं माझ्याकडे होतं.

उठून जायचं कुठे, हाच प्रश्न होता. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माग, आणि हा दिवसभर मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत बसलेला. मे महिन्यात बहीण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन महिनाभर माहेरी येणार होती. भाचीला मामाचा लळा होता. माग चालू असला की ती शेजारी बसून रेशमाच्या रंगीत कांड्या गोळा करायची. दुसऱ्याच्या कारखान्यात विणायला जातो म्हटलं, तर आई डबा घेऊन भाचीलाच पाठवणार. भाची येणार म्हणून मामा घर सोडतो, हे आईला पटेल असं कारण आम्हा दोघांना सुचेना.

घरातल्या एका मोठ्या माणसाला हे कळलंच पाहिजे, ही माझी अट होती. त्यावर तो दोन आठवडे आला नाही. ते दोन आठवडे मी येवल्याकडून येणाऱ्या प्रत्येक फोनला दचकत होतो. नंतर तो बहिणीलाच घेऊन आला.

त्यानं तिला माझ्यासमोर सांगितलं, खाली बघत. तिनं एकच विचारलं.

"तिला काय केलंय का?"

"नाय, अक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझ्या किंवा त्याच्या शब्दावर जाऊ नका. मुलीला शांतपणे विचारा आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. तिनं घरी जाऊन विचारलं. मुलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तरीही मी माझ्या एका महिला सहकाऱ्याला मुलीशी बोलायला सांगितलं. तिचंही तेच मत पडलं.

पुढच्या खेपेला दोघं आले तेव्हा प्रश्न उरला, आता आईला काय सांगायचं? तोडगा त्याच्याकडे तयार होता. आमच्याकडे एखादं मूल मामाला जड असतं. पत्रिकेत तसं निघालं की मामानं त्याच्यापासून लांब राहायचं. आई डॉक्टरचं ऐकत नाही, गुरुजींचं ऐकते. पोरगी मामाला जड आहे, असं गुरुजींकडून म्हणवून घेऊ, असं तो म्हणाला. पत्रिका, ग्रह वगैरेंवर मी आयुष्यभर वर्तमानपत्रांत टवाळीचे लेख लिहिले आहेत. त्या क्षणी मला ही युक्ती बरी वाटली, हे इथे नोंदवून ठेवतो.

बहिणीला मात्र ती बरी वाटली नाही.

"माझी पोरगी कुणाला जड नाय," ती म्हणाली. "जन्मभर तिच्या माथी कशाला? तू तिला जड हायस. तसं लिहून आणते."

असं उलटं जड पत्रिकेत असतं की नाही, मला माहीत नाही. गुरुजींनाही ते नवीन असावं. पण बहीण त्यांच्यासमोर दोन तास बसून राहिली आणि कागद घेऊन आली. मामा भाचीला जड. ती अठरा वर्षांची होईपर्यंत दोघांनी एका छताखाली राहू नये, एकटं समोरासमोर येऊ नये, मामानं तिच्या हातावर खाऊ ठेवू नये. आईनं कपाळाला हात लावला आणि त्याच आठवड्यात मुलाचं अंथरूण कारखान्यात पोचवलं. डबा ती स्वतः नेते. ज्याच्या पत्रिकेत असलं काही आहे त्याला कोण मुलगी देणार, म्हणून स्थळं बघणंही थांबलं.

तो अजून दर महिन्याला येतो. औषध चालू आहे. वाटणं गेलेलं नाही, मंदावलं आहे. ते जाईल असं मी त्याला कधी सांगितलंही नाही. पंखा चालू ठेवायचा की बंद, हे आजही तोच ठरवतो.

गुरुजींच्या कागदाची झेरॉक्स त्याच्या फाईलला, रक्ताच्या रिपोर्टच्या मागे लावली आहे. मूळ प्रत येवल्याला देव्हाऱ्यात आहे.