शालूतली बाळंतीण

एके काळी औंधच्या यात्रेतल्या नाटकात राणी म्हणजे जोतिबा, असं ठरलेलंच होतं. वीस वर्षं त्यानं ती राणी केली. तिचा हिरवा शालू त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या लग्नातला. एका खेळापुरता मागून नेलेला, तो कायमचा जोतिबाच्या पेटीत राहिला. यंदा पंचाहत्तरीत गावानं त्याला पुन्हा बोलावलं. एकच प्रवेश, आणि तोही बहुधा शेवटचा.

आदल्या दिवशी त्यानं पेटी वाऱ्याला उघडी ठेवली. जुन्या अत्तराचा वास घरभर पसरला. दुपारी पाहतो तर चिमी मांजर शालूत व्यालेली! चार पिल्लं, डोळे मिटलेली.

"उचल ती!" जोतिबा राणीच्याच आवाजात गरजला.

"आवं, हात लावू नका," राहीबाई म्हणाली. "तोंडात धरून सात घरं हिंडवंल त्यास्नी. बाळंतिणीला कुणी उठवतं व्हय?"

"मग मी नेसू काय?"

तिनं दोरीवरचं आपलं सुती लुगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. "ह्ये न्या. पर ह्ये मातूर परत आणा."

दुसऱ्या दिवशी सुती लुगड्यातली राणी पाहून मंडपात हशा पिकला. "राणीसाहेब, शालू कुठं हाय?" कुणी तरी ओरडलं.

जोतिबानं पदर सावरला, मान किंचित तिरकी केली. "बाळंतिणीला दिलाय. राजवाड्यात चार राजपुत्र जल्मल्यात!"

टाळ्या ओसरल्यावर त्यानं राणीचं पहिलं वाक्य उच्चारलं, आणि मंडप जुन्या दिवसांसारखा गप्प झाला.

घरी येताच त्यानं लुगड्याची घडी घालून आधी राहीबाईच्या हातात दिली. मग चिमीपुढं दुधाची वाटी ठेवली.