सचिव खिडकीत काय करतात

वार शनिवार, चैत्र संपत आलेला, साल दुष्काळाचं. वाचनालयात हजर: मी, म्हणजे ग्रंथपाल, पेपर तोंडावर घेऊन झोपलेले मोसंबीवाले चाचा, गावच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमननी पाठवलेला एक माणूस, हातातलं मासिक उलटं धरून, आणि खिडकीत ते.

त्यांनी नवी कादंबरी हातात घेतली, बांधणी चाचपली आणि मला विचारलं, "बाई, ह्याच्यामागं कोण हाय?"

"लेखक आहे, साहेब."

"त्याचं नाव तर वर छापलंय. मागं कोण हाय?"

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. आमच्या गावातले हे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत उमापूरकडे सोसायटीचे सचिव होते. उभी हयात सहकारात गेली, त्यामुळे कोणतीही गोष्ट आपोआप होते यावर त्यांचा विश्वास नव्हता. टँकर वेळेवर आला, मागं कोण हाय? तलवाड्याकडून ढग आले, तरी हे कपाळावर हात धरून बघणार आणि म्हणणार, "आजच कावून आले?"

ते पहिल्यांदा जिना चढून आले तेव्हा मीही सावध झाले. वाचनालयाची खोली सोसायटीची आहे, कचेरी खाली, आम्ही वर. पेंडीची पोती ठेवायला ती खोली परत हवी, असं तेव्हा खाली रोज बोललं जायचं. निवृत्त सचिव उगाच कशाला येईल? खोलीचं माप घ्यायलाच आला असणार. मी त्यांना कपाटातली सर्वांत जाड कादंबरी दिली. म्हटलं, हिच्या वजनानं परत फिरतील. थोड्याच दिवसांत ते दुसरा भाग मागायला आले.

वाचायची त्यांची पद्धत नोकरीतलीच. ओळीखाली बोट, ओठ हलते. पान संपलं की मान वर करून खिडकीबाहेर बघायचं, कारण डॉक्टरांनी डोळ्यांना विसावा द्यायला सांगितलं होतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. दिवसा वीज नसायची. त्यांना अक्षर दिसायचं ते फक्त त्या एका खिडकीत.

गोष्टीतल्या माणसांवरही त्यांचा भरवसा नव्हता. "हा मास्तर लई चांगला दाखवलाय," ते मला बजावायचे. "ह्याच्यावर ध्यान ठेवा." मास्तर शेवटपर्यंत चांगलाच निघाला, तर ते दोन दिवस रुसले. एका कादंबरीत नदीला पूर आला. तिथं बोट ठेवून म्हणाले, "एवढं पाणी कुठून आणलं ह्यानं?"

पण एका दुपारी ते मोठ्यानं हसले. चाचा दचकून उठले. मी शांततेची पाटी दाखवायला गेले, तर यांनी तोंडात उपरण्याचा बोळा धरलेला आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"शाळेत असताना असं वाचायचो बाई," ते म्हणाले. "मंग नोकरी लागली. तवापासून नुसते ठराव वाचले. ठरावात हसू येत न्हाई."

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. खिडकीबाहेर समोरच सोसायटीनं चालवलेली जनावरांची छावणी होती. दावणीला जनावरं कमी आणि अनुदानाच्या कागदावर जास्त, अशी गावात कुजबुज होती. खालून संचालक मंडळी वर बघायची, तेव्हा त्यांना काय दिसायचं? जुना सचिव खिडकीत बसलाय, छावणीकडे बघतोय, मान खाली घालतोय, ओठ हलवतोय.

चेअरमन स्वतः वर आले.

"बाई, सचिव काय मोजतेत?"

"वाचतात ते."

"रिटायर माणूस कशाला वाचंल? परीक्षा हाय का त्यांची?"

मग पाळत ठेवायला त्यांनी तो मासिकवाला माणूस पाठवला. बिचारा समोर बसून सचिवांचं पुटपुटणं ऐकायचा. आठवड्यानं त्याला राहवेना. "सचिव, मंग ती पोरगी पुढं कुठं गेली?"

"तुला कोणी सांगितलं इचारायला?" सचिवांनी पुस्तक मिटलं.

त्यानं खाली जाऊन खरं तेच सांगितलं, सचिव नुसतं वाचतेत. चेअरमनचा आवाज वरपर्यंत आला, "तूबी फुटला का बे?"

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला. सचिवांची खुर्ची खिडकीतून हलवा, नाहीतर खोलीची चावी द्या. मी कळवलं, वाचकाला जागेवरून उठवायचा नियम आमच्याकडे नाही, तुम्ही लेखी द्या. सहकारात असं लेखी कोण देतो? सोमवारी सकाळी कुलूप काढलं, तर खोलीत अंधार. खिडकीला बाहेरून पत्रा ठोकलेला.

सचिव आले. पत्र्यावर बोटानं टकटक केली. कोण, कशासाठी, काहीच विचारलं नाही. बाहेरच्या जिन्याच्या वरच्या टोकाला छोटी मोकळी जागा होती, तिथं खुर्ची नेऊन ते उन्हात बसले. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागायचं. गंमत म्हणजे खिडकीतून छावणीची एकच बाजू दिसायची, जिन्यावरून सगळी दिसत होती.

मी न राहवून विचारलंच. "साहेब, खरं सांगा. मोजत होतात का?"

त्यांनी आधी जिन्याखाली कोणी आहे का ते पाहिलं.

"पहिल्या दिवशी मोजली. सवय हाय ना," ते हळू आवाजात म्हणाले. "निम्म्यापोतर आलतो. मधीच एक पान वाचलं, अन् त्या पानात ती पोरगी घर सोडून निघाली. आकडा गेला डोक्यातून. परत पहिल्यापासून मोजायला मनच लागलं न्हाई. कुणाला सांगू नका बाई. लोक म्हणतील, सचिव कामातून गेला."

पाऊस पडला, छावणी उठली. सचिवांचं जिना चढणं कमी होत गेलं. दिवाळीच्या आधी ताप आला आणि ते गेले. सून पुस्तक परत द्यायला आली. म्हणाली, "शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तर मला वाचायला लावायचे. अन् मी पानं गाळते म्हणून संशय घ्यायचे."

"गाळत होतीस?"

"थोडी," ती म्हणाली.

पत्रा मात्र अजून तसाच आहे. काढायचा तर सोसायटीची परवानगी लागते. मी अर्ज केला. आता चेअरमन नवे आहेत, माणूस सालस आहे. पण त्यांनीही अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. "छावणी तर कवाच उठली बाई. आता तुमाला तिथून काय बघायचंय?"

माझ्या यादीतली कामं दर आठवड्याला खोडली जातात. कपाटांना वाळवीचं औषध मारून झालं, फाटक्या पुस्तकांची बांधणी झाली, जिन्याचा कठडा झाला. खिडकीचा पत्रा काढणं राहिलंय.