ओल्या दोरीची सुरगाठ

कमल,

मी पनवेलला निघाले त्या दिवशी आबा नेऱ्याच्या एस.टी. थांब्यापर्यंत चालत आले होते. ट्रंक त्यांच्या डोक्यावर, तांदळाची पिशवी ह्यांच्या खांद्यावर, आणि धाकटी तू माझा पदर धरून मागे. एस.टी.त बसल्यावर आबांनी खिडकीतून माझ्या हातात एक कागदाची पुडी दिली. मला वाटलं, अंगारा असेल. आत मेणबत्तीचा तुकडा होता. "तिकडं पन झेंडा असंलच," एवढंच म्हणाले. गाडी हलली. हात हलवायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही.

पोराच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. तुला पाठवायचं धाडस होईल असं वाटत नाही.

मेणबत्ती कशासाठी ते तुला ठाऊक आहे. आबा वर्षभर दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गुरुजी त्यांना बोलावणं धाडायचे. झेंड्याची घडी, आत फुलांच्या पाकळ्या आणि वरून सुरगाठ, ही त्यांच्याच हातची. एक हिसका दिला की झेंडा उघडायचा आणि पाकळ्या खाली पडायच्या. पावसाळ्यात ते दोरी दोन दिवस चुलीवरच्या माळ्यावर वाळवत, तिला मेण चोळत आणि गाठ सकाळीच मारत. "भिजली दोरी कुनाचं ऐकत नाय," म्हणायचे. चौथीत माझ्याकडून पहिल्यांदा गाठ मारून घेतली. माझी शाळा तिथेच संपली, पण पुढे लग्न होईपर्यंत आपल्या वाडीचा झेंडा मीच बांधला. चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही. त्या दिवशी उघडावं लागत नसे. गाठ सुटली की सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी पायाकडे.

इथे हे नव्या बिल्डिंगवर वॉचमन लागले. जिन्याखालची खोली मिळाली. नळ आत, बल्ब आत. पहिल्या दिवशी मी चार वेळा नळ सोडून पाहिला.

दुसऱ्या वर्षी सोसायटीने झेंडावंदन ठरवलं. सेक्रेटरीसाहेबांनी ह्यांना विचारलं, "गणपत, झेंडा बांधता येतो ना रे?" हे म्हणाले, "येतो की साहेब." घरात येऊन मला म्हणाले, "तुला येतंय म्हंजे मलाच येतंय."

साहेबांचं म्हणणं होतं, पाहुणे सकाळी लवकर येणार, झेंडा आदल्या संध्याकाळीच बांधून वर चढवून ठेवा. मी ह्यांना म्हटलं, "पाऊस हाय. सकाळी बांधू." हे म्हणाले, "साहेबास्नी कोन शिकवनार? तू?"

मी शिकवणार नव्हतेच. मीटरच्या खोलीत दाराआड बसून मी झेंड्याची घडी घातली. झेंडूच्या पाकळ्या मोजक्याच ठेवल्या. मेणबत्ती ट्रंकेत होती, ती आणायला उठणार तोच जिन्यावर चपला वाजल्या. "झालं का गणपत?" साहेब खाली येत होते. मी बांधतेय हे त्यांनी पाहिलं तर काय बोलायचं, याच भीतीने मी तशीच गाठ मारली आणि झेंडा ह्यांच्या हातात दिला. मेण राहिलं.

पाऊस सकाळपर्यंत पडत होता.

इथला पंधरा ऑगस्ट आपल्यासारखा नव्हता. आपल्याकडे चिखलातून प्रभातफेरी आणि हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या. इथे लाउडस्पीकर, खुर्च्या, इस्त्रीचे पांढरे कपडे, पुठ्ठ्याच्या खोक्यात सामोसा आणि वेफर्स. पाहुणे म्हणजे कुणी रिटायर साहेब. त्यांनी दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. झेंडा वर नुसता आवळत गेला.

"गणपत, झेंडा बांधलायस की धुण्याचं गाठोडं?" कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली. एक बाई म्हणाल्या, "बाई बाई, आजच्या दिवशी असं!" एका पोरीने विचारलं, "आता जन गण मन म्हणायचं की नाही?" मग म्हटलं सगळ्यांनी, त्या गाठोड्याकडे बघत. मीही दारात ताठ उभी राहून म्हटलं. नंतर झेंडा खाली घेऊन सेक्रेटरीसाहेबांनी पेनाचं टोक घालून गाठ सोडवली. पाकळ्या पडल्या नाहीत. कापडाला चिकटल्या होत्या.

साहेब सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाले, "येत नव्हतं तर सांगायचं होतंस. सोसायटीची लाज काढलीस."

चार पावलं पुढे जाऊन "मी बांधला" म्हणायचं होतं. दोन शब्द. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं साहेब." महिना भरल्यावर दुसरा वॉचमन आला. आम्ही ट्रंक घेऊन वीटभट्टीवर गेलो, आणि तिथून रुळांपलीकडच्या या पत्र्याच्या खोलीत. हे मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पंधरा ऑगस्टला ते उठतात आणि लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत मजुरांच्या नाक्यावर जातात. कामं बंद असतात, तरी जातात.

त्या दिवाळीला मी घरी आले, तेव्हा आबांनी पहिलं काय विचारलं आठवतं? "तिकडं झेंडा कोन बांधतं गं?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी ते वाडीभर सांगितलं. नेऱ्याच्या बाजारातसुद्धा सांगितलं.

आणि यंदा तुझा निरोप आला, की आबांचे हात कापतात, नव्या गुरुजींना गाठ जमत नाही, पंधरा ऑगस्टला तू ये. पनवेल काही परदेश नाही. एस.टी.चा एक तास आणि पुढे चालणं. मी निरोप धाडला, इथला झेंडा आहे, जमणार नाही.

परवा तुझा नवरा इथल्या बाजारात भेटला. म्हणाला, झेंड्याविनाच झालं यंदा. आबा रागावले नाहीत म्हणे. सगळ्यांना सांगत होते, "पनवेलचा येवढा मोठा झेंडा सोडून ती आपल्या बारक्या झेंड्याला कशी येल?"

पंधरा ऑगस्टच्या सकाळी मी धुण्याच्या दोरीला मेण चोळलं, खिडकीच्या गजाला सुरगाठ मारली आणि वरून पाणी ओतलं. एका हिसक्यात सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. बघायला कुणी नव्हतं.

कमल, लोक विचारतात, घर कुठलं. मी वाडीचं नाव सांगते. तिथे सगळ्यांच्या लेखी मी अजून पनवेलचा झेंडा बांधते. म्हणूनच तिथे मला येता येत नाही.