सुई घेऊन पळालेली महानंदा

साखर पेठेत राहणाऱ्या महानंदाला साखरेचा आजार झाला, हे कळल्यावर तिच्या आज्जीने पहिलं काम केलं ते म्हणजे दुसरं घर बघायला सांगितलं. आजार पत्त्यातूनच आला, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पोरीला मंगळवार पेठेत न्या, तिकडे कुणाला काही होत नाही, असं ती थेट डॉक्टरांना सांगून आली. डॉक्टरांनी हसू दाबत इन्सुलिन लिहून दिलं. रोज सकाळी एक इंजेक्शन, तेही जन्मभर.

पण टोचण्याआधी महानंदाला पकडावं लागे. स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेची सिरिंज खडखडू लागली, की ही दहा वर्षांची पोर नाहीशी व्हायची. कधी चादरींच्या गठ्ठ्यांमागे, कधी माळ्यावर. एकदा तर शेजारच्या पारूबाईंच्या न्हाणीघरात शिरली, पारूबाई आत असताना. मग वरात निघे. पुढे महानंदा, मागे स्पिरिटचा बोळा घेतलेली आई विजयमाला, तिच्यामागे अर्धी दाढी केलेले वडील मल्लिकार्जुन, आणि शेवटी नातीची बाजू घ्यायला आज्जी. पकडली गेली की महानंदा असा गळा काढायची, की समोरच्या घरातले माग थांबायचे.

पौष आला आणि मैंदर्गीहून बसलिंगप्पामामाचा निरोप आला. ज्वारी हुरड्यात आलीय, पोरीला पाठवा. महानंदाने लगेच पिशवी भरली. पण शिक्षिका असलेल्या आईला शाळेतून रजा मिळेना, आणि मामाच्या वस्तीवर टोचणारं कुणी नव्हतं. रुसवे झाले, भाकरीवरचा बहिष्कार झाला. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "स्वतः टोचून घेणार असशील तर जा." म्हणजे विषय संपला, असं त्यांना वाटलं.

"टोचून घेते की," महानंदा म्हणाली.

आई नको नको म्हणत राहिली. पण डॉक्टर खूश झाले. संत्र्यावर सराव करा म्हणाले. संत्र्यात साखर असते, माझ्या घरात ते येणार नाही, असं आज्जीने बजावलं आणि वांगी पुढे केली. रोज दुपारी महानंदा वांग्याला स्पिरिट लावी, 'घाबरू नको हं' म्हणे आणि टोची. वांगी फार शहाणी, एकही पळालं नाही. टोचलेली वांगी आज्जी गुपचूप चुलीत भाजून भरीत करी. जेवताना वडील घास हातात धरून विचारत, "आज भाजीचा ताप उतरलाय ना?"

मग खरी सकाळ उजाडली. औषध भरताना आईने सिरिंजवरची रेघ तीनतीनदा बघितली. महानंदा पाटावर बसली, परकर मांडीवर सरकवला, चिमटीत कातडी धरली. सुई जवळ आली मात्र, पाय सवयीप्रमाणे उठले आणि धावत सुटले. गठ्ठ्यांना वळसा, अंगणातून जिना, जिन्यावरून गच्ची. तिथे तिने मागे वळून पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं. खाली अंगणात आईने वडिलांचा सदरा घट्ट धरून ठेवला होता, त्यांनी धावू नये म्हणून. महानंदाला काही उमजेना. कोण टोचणार आहे मग? तिने हाताकडे पाहिलं. सिरिंज तिच्याच मुठीत होती. जिच्यापासून पळत होती, तिलाच घेऊन ती गच्चीपर्यंत चढली होती.

तिला असं हसू फुटलं की ती कठड्याला टेकली. खाली आई रडावं की हसावं या घोळात होती. हसता हसताच महानंदा आपल्या पायांनी खाली आली आणि सिरिंज आईच्या हातात दिली. सुई वाडाभर हिंडून आली होती, तेव्हा विजयमालाने ती पुन्हा उकळायला ठेवली. पातेलं खडखडू लागलं. पाटावर महानंदा बसून राहिली. पळायचं कुणापासून हेच तिला आठवेना. औषध भरून झालं. तिने टोचलं. वांग्यापेक्षा दुखलं, एवढंच.

मैंदर्गीच्या एस.टी.त बसवताना आईने तिच्या झग्याला साखरेची पुडी टाचली, इन्सुलिनने साखर फार उतरून चक्कर आली तर खायला. औषधाची बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायला हज्जारदा सांगितलं. गाडी सुटली तरी ती खिडकीबरोबर चालत सांगतच होती.

दुसऱ्या दिवशी मामाच्या अंगणात डोंबाऱ्याच्या खेळाला जमावी तशी पोरं जमली. उधळलेल्या खोंडाची शिंगं धरणारा बसलिंगप्पामामा भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून उभा होता. सोजरमामीने त्याचा हात धरला होता.

"झालं का गं, यव्वा?" त्याने विचारलं.

"कवाच झालं, मामा," सुई पुसत महानंदा म्हणाली. "आता मला वेळेत खायाला पायजे. डोळं उघडा आणि चला की शेतात."